उकिरड्याची ऊब

तव्यावरची भाकरी एका अंगानं भाजली होती, उलटायची राहिली होती, तोच अंगणात कुत्रं केकाटलं आणि आवाज मधेच तुटला. मुक्ताई उलथनं हातात धरूनच बाहेर धावली. खुंट्याला नुसती साखळी. मातीतून रक्ताचा ओला पट्टा थेट उसाकडे गेलेला.

वाघोलीच्या कडेला, सोसायटीच्या भिंतीला लागून तिचा गोठा. नांदेडकडून नवऱ्याबरोबर आली, नवरा लवकर गेला. म्हशींच्या जिवावर तिनं लेकाला, शंभूला, वाढवलं. तिला त्याच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

अंधार पडता पडता वनखात्याचे विश्वजीतसाहेब बिबट्याच्या मागावर कॅमेरा घेऊन आले. भिंतीपलीकडे सोसायटीतले अनिरुद्धकाका उभेच होते, घुबडं बघायची दुर्बीण गळ्यात अडकवून.

"काका, ती नाइट व्हिजन दुर्बीण ठेवा घरात," साहेब हसले. "तिला दिव्याचा, चांदण्याचा थोडा तरी उजेड लागतो, तोच ती वाढवून दाखवते. माझा थर्मल कॅमेरा उजेड मागतच नाही. तो अंगातली ऊब बघतो. गरम ते पांढरं, गार ते काळं."

"म्हणजे तुम्हाला ऊब दिसणार आणि आम्हाला आकार. छान. चालू द्या."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ऊस काळाठिक्कर. गोठ्यात दोन म्हशी पांढऱ्या. गोठ्यामागं मात्र एक मोठा पांढरा डाग.

"हे काय, मावशी?"

"उकिरडा हाय तो," मुक्ताई म्हणाली. "शेण कुजतंय, थंडीत वाफा निघत्यात. म्या रोज तिथं हात शेकते."

साहेबांनी कॅमेरा पुढं फिरवला.

"अहो, त्या उकिरड्याला कान आहेत," भिंतीवरून काका म्हणाले. "आमच्या दिव्याचा उजेड पडलाय तिथं. मला स्वच्छ दिसतंय."

"मांजर असेल, काका," साहेब म्हणाले.

"एवढं मोठं? खातं काय, आमचा मेंटेनन्स?"

सगळे हसले. मुक्ताईही हसली आणि लेकाला म्हणाली, "जा रे, म्हशी अंगणात आणून बांध. तिकडं काय न्हाई."

शंभू दावं सोडायला वाकला आणि उकिरड्यावरून बिबट्यानं झेप घेतली. दात खांद्यात रुतले, शंभू पालथा पडला, पाठ नखांनी उभी फाटली. जनावर मानेकडं सरकत होतं. म्हशी हंबरत दावी तोडत होत्या. मुक्ताईनं शेणाचं फावडं उचललं आणि हाणलं. पहिला घाव पाठीवर. दुसरा नाकाडावर, तिथं काहीतरी कचकन मोडलं. बिबट्या वळला, त्यानं तिच्या मनगटाचं मांस ओरबाडलं. तिनं त्याच हातानं पुन्हा हाणलं. साहेबांनी फटाका फोडला तेव्हा कुठं तो रक्त गाळत उसात शिरला.

"म्याच सांगितलं, उकिरडा हाय म्हणून," ती लेकाच्या पाठीवर पदर दाबत म्हणाली.

"गरम शेणावर गरम जनावर. दोघांचा मिळून एकच डाग दिसला," साहेब कॅमेरा बाजूला ठेवत म्हणाले. "काकांचं ऐकायला हवं होतं."

काकांनी गाडी दारात आणली.

दवाखान्यात शंभूनं डोळे उघडले, "आये," एवढंच म्हणाला आणि पुन्हा मिटले. माहूरच्या रेणुकामातेनं तेवढी हाक तरी आईच्या कानी घातली. डॉक्टर म्हणाले, "मान वाचलीय, पण रक्त फार गेलंय. लगेच द्यावं लागेल."

मुक्ताईनं पट्टी बांधलेल्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि ती रक्तपेढीतून शंभूसाठी रक्त आणायला निघाली.