डॉक्टरांच्या नावाची फौज

अनेकांत मगदूम दात करतो. शाहूपुरीत एका जिन्याखाली त्याची दहा बाय बाराची डेंटल लॅब आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, हा मेणात दात बसवतो, प्लास्टरचा साचा करतो, कवळी शिजवतो, घासूनपुसून चकचकीत करतो आणि छोट्या डब्यात घालून परत धाडतो. डब्यावर चिठ्ठी. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, खाली पेशंटचं. करणाऱ्याचं नाव कुठंच नाही. कोल्हापुरातली कैक म्हातारी माणसं ज्या दातांनी मटण तोडतात ते दात मटणाला कधी हात न लावलेल्या जैन माणसानं केलेत, हे त्यांच्या गावीही नाही. सोळा वर्षांत अनेकांतला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते फौजेमुळं.

डॉ. पृथ्वीराज इंगवले हे त्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. दवाखान्याच्या माडीवर त्यांनी लढाईच्या खेळासाठी एक भलंमोठं टेबल मांडलं होतं. त्यावर हिरवं कापड, थर्माकोलचे डोंगर आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक. टेप लावून अंतर मोजायचं, तेवढीच तुकडी पुढं सरकवायची, फासे टाकायचे आणि फाशात निघेल तेवढी माणसं उचलून बाजूला ठेवायची. डॉक्टरांची मोगलांची फौज थेट परदेशातून आलेली. फक्त समोर लढायला कोणी नव्हतं. फौंड्रीवाले हंबीरराव यायचे, पण ते नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन पंच व्हायचे आणि भजी खायचे.

"अन्या, तुझ्या हातात कला हाय लेका," डॉक्टर एका रविवारी म्हणाले. "मराठ्यांची फौज कर. तुझी सोताची. माझ्यासंगं लढ. पर ऐक, एकदम चाळीस जणांच्या अख्ख्या फौजेच्या मागं लागू नको. पयली आठ जणांची एकच तुकडी कर."

तुझी सोताची! हे शब्द घेऊनच अनेकांत घरी गेला. आईनं, म्हणजे अंजनाबाईंनी, सगळं ऐकून कपाळावर हात मारला.

"आपल्यात पिठाचा कोंबडा मारायचं मनात आणलं तरी पाप लागतंय म्हणत्यात, आन् तू माणसं मारायचा खेळ मांडतोस व्हय?"

"मरत न्हाईत गं आई. बाजूला ठेवायची असत्यात."

"मग बाजूलाच ठेव की आत्तापास्नं," म्हणून त्या देवळात निघून गेल्या.

विकत आणून रंगवलेले पहिले आठ मावळे बघवत नव्हते. रंग इतका जाड बसला की पागोट्याच्या घड्या बुजल्या, आणि डोळे असे वटारलेले की आठही जणांना एकदम ठसका लागलाय असं वाटावं. डॉक्टर पोट धरून हसले, पण शिकवलंही त्यांनीच. आधी काळं अस्तर मार. रंग दुधासारखा पातळ कर. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश नुसता वरनं फिरव, म्हणजे उंचवटे उजळतात. अनेकांतनं आठही जण खरवडून पुन्हा रंगवले. हे डॉक्टरांचं देणं होतं, आणि ते तो आजही नाकारत नाही.

विकतचे मावळे त्याला पटेनात. सगळ्यांचं तोंड एकच. मग तो लॅबच्या हत्यारांनी मेणात स्वतःच कोरायला लागला. संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा, धारोष्ण दूध पिणाऱ्यांची नाकं, मिशा, गालफडं डोळ्यांत भरून आणायचा आणि फौजेत घालायचा. चौदा महिन्यांत चाळीस झाले. चाळिसावा पाठीवर पखाल घेतलेला म्हातारा पाणक्या. त्याचा चेहरा आण्णांचा, अनेकांतच्या वडिलांचा. आण्णा जाऊन नऊ वर्षं झाली होती. फोटोत ते कधी हसले नाहीत, म्हणून अनेकांतनं त्यांना इथं हसवलं होतं. अंजनाबाईंनी भिंग धरून बराच वेळ बघितलं आणि त्या दिवसापासून पापाचा विषय काढला नाही.

फेब्रुवारीत पुण्याला रंगवलेल्या फौजांची स्पर्धा होती. दोघांनी डॉक्टरांच्या गाडीतून शनिवारी निघायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनीच एक अर्जंट कवळी पाठवली. धोंडुबाई म्हणून आजी, रविवारी नातीचं लग्न, बिनदाताची उभी कशी राहील? अनेकांतला मागं राहणं भाग होतं. त्यानं चाळीस जणांना कापसात गुंडाळून लॅबच्याच डब्यांत भरलं आणि डॉक्टरांच्या हवाली केलं.

रविवारी दुपारी खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. पहिलं बक्षीस, मराठ्यांची फौज, डॉ. पृथ्वीराज इंगवले, कोल्हापूर. अनेकांतला आधी वाटलं, सांगणाऱ्याची चूक झाली. मग डॉक्टरांनी माईक घेतला. "गंगावेशीत बसून एकेक चेहरा टिपलाय मी," ते म्हणाले. मग पाणक्याला चिमटीत उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. "आणि हा माझा आजा."

व्हिडिओ अनेकांतनं तीनदा बघितला. आईला दाखवला नाही.

सोमवारी तो माडीवर गेला. हंबीरराव बसलेलेच होते. डॉक्टरांनी एक डबा पुढं सरकवला. डब्यावर चिठ्ठी होती, आणि तिच्यावर अनेकांतच्याच वळणदार अक्षरात डॉ. पृथ्वीराज इंगवले. सगळ्या डब्यांवर तेच. भरताना हातानं सोळा वर्षांची सवय पाळली होती, डोक्याला न विचारता.

"तूच लिवलंस की," डॉक्टर म्हणाले. "तितं डबं बघूनच नाव घातलं. मी काय करू?"

हंबीरराव हसले. अनेकांतनं मान हलवली.

"चिठ्ठी माझी चुकली, डॉक्टर. पर गंगावेशीत कोण बसलंतं? आन् आण्णा तुमचं आजा कवापास्नं झालं?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "माईक हातात आल्यावर लोकांस्नी कायतरी सांगाय लागतंय की रे. एवढं मनाला लावून घ्यायचं असतंय व्हय? दात न्हाईत का जात माझ्या नावानं?"

ते खरंच वैतागले होते. त्यांच्या तोंडावर चोरी सापडल्याची खूणही नव्हती, आणि तेच अनेकांतला जिव्हारी लागलं. त्या माणसाच्या लेखी जिन्याखालून जे वर येतं ते त्याचंच होतं. पहिली तुकडी हातात धरून शिकवली तेव्हाही असंच होतं का, हा प्रश्न त्याला विचारायचा होता. विचारला असता तर तो तिथंच रडला असता. डबे पिशवीत भरून तो जिना उतरला.

फौज आता घरी आहे, शोकेसमध्ये. पण हा खेळ एकट्यानं होत नाही. समोर दुसरी फौज लागते, आणि अनेकांतला ठाऊक असलेली दुसरी फौज एकच, त्याच माडीवरची. आईला शिकवून बघितलं, त्या कोणालाच बाजूला ठेवायला तयार होईनात.

परवाच्या रविवारी साडेतीनला डॉक्टरांचा मेसेज आला. "चारला ये. हंबीरराव भजी आणणार हाईत. झालं गेलं सोड." ना चूक झाली, ना माफ कर. अनेकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याहून जास्त संताप त्याला स्वतःचा आला, कारण मेसेज वाचता वाचता तो उठला होता आणि त्याचा एक पाय चपलेत गेला होता.