भिकाचं अंगडं

“तुला गं कसली लाज? आमचे लंगोट रोज धुतेस की!”

वकीलसाहेब असं म्हणाले आणि रंगपटातले सगळे पुरुष खो खो हसले. भर दुपार होती. धुळ्याच्या त्या नाटकगृहाचे पत्रे तापलेले. वकीलसाहेब सदरा काढून, धोतर आवळून, दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभे. आणि मी नऊवारी शालूचा पदर धरून, खाली मान घालून. परक्या पुरुषाच्या कमरेला हात लावायचा होता मला. अठ्ठावीस वर्षांची होते मी.

लावला. दुसरं काय करणार? त्यांच्या घरचं धुणं आमच्याकडे. त्यांच्या भावाच्या घरचं, साडूच्या घरचं पण आमच्याकडे.

मंडळ हौशी लोकांचं. वकील, मास्तर, पेढीवाले. बायांची कामं पुरुषच करायचे आणि राणी व्हायचे आमचे वकीलसाहेब. एकदा भर अंकात त्यांच्या निऱ्या सुटल्या आणि गावभर हसं झालं. घरच्या बायकांना रंगपटात आणणं त्यांना शोभेना. मग मंडळाचे कारभारी नाना म्हणाले, परटिणीला बोलवा. शालू तरी कुठले? घराघरांतून मागून आणलेले. ते इस्त्री करून ज्याचे त्याला पोचवायचं काम माझंच होतं. म्हणून मी.

पण हे गाऱ्हाणं सांगायला मी बसलेले नाही. माझ्यावर हसले, ते मी गिळलं असतं. गिळतच आले होते. मला सांगायचंय ते मी काय केलं ते.

त्या शालूनंतर मी त्यांची ठरलेली माणूस झाले. तालमीला पण बोलावू लागले. राणीनं चालायचं कसं, पदर सावरायचा कसा, बसताना गुडघा कुठं ठेवायचा, मी दाखवायची आणि वकीलसाहेब करायचे. नाना मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे. “या मास्तरीणबाई, आज काय शिकवणार?” थट्टाच होती ती. मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी गोड लागायचं हो! पांझरेच्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून ज्यांच्या घरच्या चादरी आपटल्या, त्यांनी मला बाई म्हणावं. घाटावर मी मान ताठ करून चालू लागले. बाया म्हणायच्या, “काय वं, नाटकवाली झाली का तू?” मी म्हणायची, जळा तुम्ही.

मग एक दिवस वकीलसाहेब म्हणाले, “मास्तरीणबाई, पोर गेलेली आई कशी रडते गं? आमच्याकडच्या बायका तोंडात पदर कोंबून रडतात. प्रेक्षकांना काही पोचत नाही. तुमच्यात कसं असतं?”

नव्या नाटकात राणीचा मुलगा मरत होता. मला वाटलं, राणीसाठी विचारतायत.

आणि मी माझ्या बहिणीचं सांगितलं.

सोनी माझी धाकटी. अमळनेरला दिली होती. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा गेला आणि आठ दिवसांत पोरगा गेला. भिका त्याचं नाव, तीन वर्षांचा. ती माझ्याकडे आली तेव्हा गाठोड्यात एकच अंगडं होतं, त्याचं. ते ती रोज घाटावर न्यायची. सगळ्यांचं धुणं झालं की शेवटी ते धुवायची, दगडावर वाळत घालायची आणि वाळलं की हाक मारायची, “ऊठ रे भिका, अंगडं सुकनं. घाली ले.” मग थोडं थांबायची. मग घडी घालून पोटाशी धरायची.  तेवढा वेळ घाटावरचे धोपटण्याचे आवाज थांबायचे.

हे सगळं मी त्या माणसाला करून दाखवलं. हाक कशी, थांबणं कसं, घडी कशी.  नानांचे डोळे भरले. वकीलसाहेब म्हणाले, “वा!” आणि मला, सांगायला जीभ रेटत नाही, मला बरं वाटलं.

“ते अंगडं मिळेल का?” त्यांनी विचारलं. “खरं हवं. खऱ्याची गोष्टच वेगळी.”

परटाच्या घरात दुसऱ्याचा कपडा दोन दिवस वापरायचा, धुवायचा, घडी मोडलीच नाही असा परत करायचा, यात आम्हाला कधी पाप वाटलं नाही. सावकाराचं उपरणं घालून आमचा नवरदेव उभा राहायचा. इनामदारांच्या सतरंज्यांवरून आमची वऱ्हाडं चालायची. कुणाचं काय झिजलं? तशीच सवय हाताला. सोनी तापानं पडून होती, चार दिवस घाटावर आली नव्हती. तिच्या उशाखालून मी अंगडं काढलं. दोन दिवसांत परत ठेवीन म्हटलं. मागितलं नाही. मागितलं असतं तर तिनं दिलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

त्या अंगड्याच्या गळपट्टीला बिब्ब्याचे तीन ठिपके होते. आम्ही प्रत्येक घराच्या कपड्याला बिब्ब्यानं खूण करतो, म्हणजे धुणं मिसळत नाही. सोनीनं भिकासाठी ते अंगडं शिवलं तेव्हाच त्यावर खूण घातली होती. म्हणायची, माझं पण एक घर आहे.

खेळ बायकांसाठी खास दुपारचा ठेवला होता. सोनीला बरं वाटत होतं. अंगडं घरभर शोधत होती ती. मी म्हटलं, सापडेल, चल आज नाटक दाखवते. का नेलं मी तिला? मला वाटलं, राणी रडेल, हॉलभर बायका रडतील, आणि सोनीला कळेल की तिचं दुःख एवढं मोठं आहे की राणीला शोभतं. मग मी तिला सांगणार होते. अक्कल गहाण पडली होती माझी, दुसरं काय.

खुर्च्या घरंदाज बायकांच्या. आमच्यासारख्यांना रंगमंचाच्या कडेला गोणपाट अंथरलेलं. तिथून मंच अर्धाच दिसायचा, पण विंग पुरी दिसायची. मी विंगेत उभी होते, सोनी मला दिसत होती. मी तिला हात केला.

राणीचा मुलगा मेला. राणी शुद्ध पुस्तकी मराठीत रडली, रुमाल डोळ्यांना लावून. अंगडं नाहीच. पदं झाली, पडदा पडला. मला वाटलं, विसरले असतील.

मग फार्स सुरू झाला. नाटकानंतर हसवायला असायचा तसा.

वकीलसाहेब परटीण होऊन आले. डोक्यावर गाठोडं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तोंडात तंबाखू. “काय वं माय, बठ्ठा धुनं आनं का?” असं हेल काढून बोलले. हॉल फुटला हसून. चाल अगदी आमची होती. गाठोडं सावरताना कंबर टाकायची ती पण आमचीच, मीच शिकवलेली.

आणि मी हसले.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. हुबेहूब जमलं होतं, म्हणून मी हसले, तोंड उघडून. हसू तोंडावर होतं तोवरच त्यांनी गाठोड्यातून अंगडं काढलं. आपटलं. पिळलं. झटकलं. हाक मारली, “ऊठ रे भिकाऽऽ, अंगडं सुकनं!” मग थांबले. थांबून त्या अंगड्यात नाक शिंकरलं.

खुर्च्यांतल्या बायका डोळे पुसत हसत होत्या.

सोनी उठून उभी राहिली. ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, “मना भिकानं अंगडं शे ते.” तिची अहिराणी ऐकून लोकांना वाटलं, ही पण फार्सातलीच. आणखी हसले. टाळ्या पडल्या. ‘वन्समोअर’ आला, आणि वकीलसाहेबांनी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा ती मंचाकडे बघतच नव्हती. ती विंगेत माझ्याकडे बघत होती.

खेळ संपला. फोटोवाला अंगणात तिपाई मांडून बसला होता, ऊन जायच्या आत मंडळाचा फोटो घ्यायचा होता. नाना धावत आले. “अगं चल, साहेबांना शालू नेसव, राणीच्या वेशात फोटो आहे.” माझे हात आपोआप चालू झाले, एवढी लागली होती सवय. अर्ध्या निऱ्या झाल्या तेव्हा मी विचारलं, “अंगडं कुठाय?”

“अगं, तोंड पुसलं मी त्यानं. तिकडं धुण्यात टाकलंय,” वकीलसाहेब आरशात बघत म्हणाले. “तुलाच धुवायचंय ते.”

कोपऱ्यात धुण्याचा ढीग होता. त्यात ते पडलं होतं. सफेदा, कुंकू, काजळ, तेल, सगळं त्याच्यावर. तीन ठिपके काजळाखाली गेलेले.

मी निऱ्या सोडल्या. पूर्ण शालू सोडला. त्यांच्या कमरेभोवतून काढून घेतला, नऊच्या नऊ वार, आणि तिथंच उभ्या उभ्या नीट घडी घातली. वकीलसाहेब धोतरावर उभे, तोंडाला सफेदा, डोक्यावर खोपा. कुणी हसलं नाही. “काय चाललंय तुझं?” नाना ओरडले. मी इतकी वर्षं त्यांच्याशी त्यांच्या मराठीत बोलले होते. त्या दिवशी नाही बोलले.

“आते मी नई,” म्हटलं. “हाई मना बहीनना आंडोरनं, भिकानं, अंगडं शे. तुमले हासाले नई.”

अंगडं उचललं आणि मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं बाहेर पडले. फोटोवाल्याच्या समोरून. सगळ्या घरंदाज बायकांच्या मधून.

तुम्हाला वाटेल, मोठं काम केलं. घाटावरच्या बायांना पण तसंच वाटलं. त्यांनी मंडळाचं धुणं घेणं बंद केलं. वकीलसाहेबांचं, त्यांच्या भावाचं आणि साडूचं, तीनही घरं आमच्या हातून सुटली आणि नवरा महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. पण त्या संध्याकाळी सोनी घरी आली तेव्हा तिनं एकच विचारलं होतं.

“अक्का, तू बी हासनी?”

‘नाही’ म्हणता आलं असतं मला, पण कसं म्हणू? तिनं बघितलं होतं. “हां,” मी म्हटलं.

मी पापडखार लावला, रिठा लावला, लिंबू लावलं. धुळ्यात कुठलाही डाग काढीन म्हणणारी मी, तो डाग फिका झाला पण गेला नाही. शेवटी तिनं अंगडं माझ्या हातातून ओढून घेतलं. म्हणाली, “तू नको हात लावू.” त्या दिवसापासून तिनं ते घाटावर आणलं नाही. हाकही मारली नाही. भिका दुसऱ्यांदा गेला तो माझ्यामुळे. ती पुढे अमळनेरला परत गेली, आणि तिकडून आलेला निरोप कधी माझ्या नावानं नसतो.

तरी मी माफी मागत फिरत नाही. माफी मागून माझं मन हलकं होईल, तिला काय मिळेल? मी दुसरं ठरवलंय. माझ्या माणसांचं रडणं, चालणं, बोलणं मी कुणालाही करून दाखवणार नाही, मग समोरचा मला बाई म्हणो की देवी. आणि चार लोकांत कुणी आमची बोली हसायला काढली, की मी तिथं उभी राहून विचारते, हे कुणाचं आहे आणि कुणाला विचारून आणलंस? लग्नात विचारलंय, बाजारात विचारलंय, एकदा त्याच नाटकगृहात, खुर्च्यांच्या मधोमध उभी राहून विचारलंय. लोक म्हणतात, बाई भांडखोर आहे. असू दे. विचारायच्या आधी मी दर वेळी माझ्या तोंडावर हात ठेवून बघते, हसू तर नाही ना.