डब्याला फुटलेले कान

इंदुरीहून आम्ही चौघी बायका तळेगावच्या बाजूला डब्यांच्या कारखान्यात जायचो. सत्तर साल उलटलं असेल. काम डबे तपासायचं, तेही रोजंदारीवर. तेव्हाचा डबा म्हणजे पत्रा गुंडाळायचा, सांध्याला कथील वितळवून डाख द्यायचा, खाली बूड बसवायचं. आणि तो सांधा हमखास गळायचा.

मग पोलादाच्या कारखान्यातून एक साहेब नवा पत्रा घेऊन आले. पातळ, पण चिवट. प्रेसखाली दाबून त्याचा अख्खा डबा ओढून काढायचा, सांधाच नाही. हे जमलं तर नवं खातं निघणार आणि आम्हाला कायम करणार, असं मालकांनी कबूल केलेलं. त्यामुळे साहेबांपेक्षा आमचाच जीव त्या पत्र्यात अडकलेला.

पण पत्रा कुठला ऐकतोय! कडक केला की बुडाशी टरकन फाटायचा. मऊ केला की डबा निघायचा, पण अंगठ्यानं दाबला तरी पोचा पडायचा. मधला साधला, तर डब्याच्या तोंडाशी चार बाजूंनी पत्रा वर यायचा. त्याला आम्ही कान म्हणायचो. कापावेत तर पत्रा वाया, ठेवावेत तर झाकण बसत नाही.

एकदा वैतागून घरी आले आणि म्हटलं, आज परत कान फुटले. सासूबाई उठून चुलीकडे गेल्या. जरा वेळानं लसूण घालून कोमट केलेलं तेल घेऊन आल्या.

"आडवी हो. कंचा कान?"

"माजा न्हाई, डब्याचा."

"मग डब्यात वत," म्हणाल्या आणि वाटी माझ्या हातात देऊन गेल्या.

साहेब दर खेपेला भट्टीची आच बदलून पत्रा आणायचे. एका गठ्ठ्याचे डबे अगदी सरळ तोंडाचे निघाले. पेढे कुणी आणायचे यावर आम्ही भांडलोसुद्धा. पुढचा गठ्ठा तसाच भाजलेला, तरी पुन्हा तेच रडगाणं. का, ते साहेबांनाही सांगता येईना.

शेवटी मालकांनी चाचणी बंद केली. साहेब आम्हाला समजावत होते, पत्रा वाईट नाही, अजून वेळ मिळाला तर जमेल.

मी म्हटलं, "पत्र्याला येळ द्या की. पण आमाला कायम करायला पत्रा कशाला पायजे? काम तर आमी रोजच करतो."

"बाई, ते माझ्या हातात नाही."

खरंच नव्हतं. मग रागवायचं कुणावर, तेही कळेना. दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या डब्यांत पाणी भरून गळती बघत बसलो, रोजंदारीवरच.