मागची तार

संघपाल फर्दापूरच्या हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा. एक परदेशी पाहुणा जाताना त्याला आपली गळाची काठी देऊन गेला. नऊ फुटांची, कार्बनची, हातात काडीसारखी हलकी. गळाला पिसांची खोटी माशी. तेव्हापासून सुट्टी मिळाली की हा गडी तलावावर. मासा अजून एकही नाही. पण व्हिडिओ बघून, कोपर अंगाला चिकटून राहावं म्हणून काखेत वही दाबून, काठीनं दोरी आधी मागं, मग पुढं फेकायला शिकला होता. गावाला तेवढी करमणूक पुष्कळ होती.

खोड एकच, घाई. दोरी मागं पूर्ण उलगडायच्या आत तो पुढं फटकारायचा, मग ती मुंडावळ्यांसारखी त्याच्याच तोंडावर. बायकोनं, मेघानं तोड काढली, "मागं नेताना 'जय' म्हणा. थांबा. मग पुढं 'भीम'."

मेघाचा घोर वेगळाच होता. तलाव आटला तसे शेतकरी पाणी उपसायच्या मोटारी घेऊन पाण्यामागं सरकले होते. उघड्या तारा बाभळीच्या मेढींवर, डोक्याच्या हातभर वर.

"काठी तारंला लागली म्हंजे? कार्बनमधनं लाईट येती म्हणत्यात."

"दिवसा तार मेलेली असती. लाईट रातची हाय."

खरं होतं. रविवारपर्यंत. शेतीच्या लाईटीची पाळी सोमवारी बदलते, रातची दिवसा येते, हे शेती करणाऱ्याला पाठ असतं. बॅगा उचलणाऱ्याला कशाला?

सोमवारी तलावावर वारा पडलेला. संघपालनं काठी मागं नेली. "जय."

थांबला. दोरी मागं सरळ, सुतासारखी उलगडत गेली. अशी आजवर कधीच गेली नव्हती. आणि त्या थांबण्यातच त्याला ऐकू आलं, घूंऽऽ. मोटार चालू होती.

'भीम' घशातच राहिला. काठी सोडून त्यानं बाजूला उडी मारली. ओल्या दोरीचा मागच्या तारेला वेढा बसला, काठी खाली लोंबकळू लागली.

मोटारवाला कडुबा पाण्यातून वर आला, गुडघ्यापर्यंत ओला.

"काठी टाकून पळतो व्हय रं? थांब, काढून देतो."

"काका, हात नका लावू! लाईट हाय!"

"माझीच तार हाय, लेका. मला वळखती." हसत हसत त्यानं ओला हात पुढं केला.

या खेपेला संघपाल थांबला नाही. धावत जाऊन त्यानं म्हाताऱ्याला कमरेत धरलं, दोघं चिखलात आडवे झाले. कडुबाच्या शिव्या सुरू झाल्या. संघपालनं पकड सोडली नाही. वर काठी हलत होती. वारा तर पडलेलाच होता; कडुबाची बाही तिला घासून गेली होती.