डॉक्टरांच्या बहिणीच्या गावी

न्यूयॉर्कच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यानं आमची एकच बॅग उघडायला लावली, आणि ती नेमकी डॉक्टर एमिल यांची. वरच भाकरवडीचा डबा. हे काय आणि कुणासाठी, असं त्यानं विचारलं.

"बहिणीसाठी," डॉक्टर म्हणाले. "शेवटचं पाहिलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता तिला काय आवडतं, मला ठाऊक नाही."

त्यानं डॉक्टरांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि झाकण स्वतःच लावून दिलं.

डॉक्टर एमिल पुण्याला कॅम्पात आमच्या शेजारी राहतात. दातांचे डॉक्टर, मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू. तिथं हिटलरचं राज्य आलं तेव्हा ते तरुण होते. कसाबसा परवाना मिळवून एकटेच मुंबईला पोचले. आईवडील आणि धाकटी हान्ना मागे राहिली. पुढे ज्यू मुलांना बाहेर काढणाऱ्या एका आगगाडीत बसवून आईनं हान्नाला इंग्लंडला धाडलं. आईवडील छळछावणीत गेले ते परत आलेच नाहीत. लढाईनंतर डॉक्टरांनी बहिणीचा खूप शोध घेतला, पण तिला सांभाळणाऱ्या कुटुंबानं आपलं आडनाव दिलं होतं, आणि लग्न करून ती अमेरिकेला गेली होती. अखेर गेल्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका लग्नात व्हिएन्नाच्या जुन्या शेजारणीनं तिला ओळखलं आणि भाऊ हिंदुस्थानात गेल्याचं सांगितलं. मग मुंबईच्या सिनेगॉगमधून (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) डॉक्टरांचा पत्ता लागला.

मी न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे, श्रीधरकडे, जाणारच होते. डॉक्टर म्हणाले, "सुमनताई, मला बरोबर न्याल का?"

श्रीधरचं घर आयसेलिनजवळ. तिथं आता दोन-चार देशी दुकानं झाली आहेत. डॉक्टरांनी एका दुकानात शिरून खणखणीत मराठीत गोडा मसाला मागितला, तेव्हा गुजराती दुकानदार हातातलं वजन विसरून त्यांच्याकडे बघतच राहिला. तेवढा एक प्रसंग सोडला तर डॉक्टर त्या दिवसांत फारसे बोलले नाहीत.

शनिवारी आम्ही निघालो. हान्ना पेनसिल्व्हेनियात, स्क्रॅन्टन नावाच्या जुन्या कोळसाखाणींच्या गावात राहते. ऑक्टोबर होता, इथला फॉल (पानगळीचा मोसम). डोंगरच्या डोंगर लाल आणि हळदी पिवळे. डेलावेअर नदीनं जिथं डोंगर कापून खिंड केली आहे तिथं मी श्रीधरला गाडी हळू घ्यायला सांगितली. उंच कडे, खाली संथ पाणी. बघत असतानाच गाडी एका बाजूला ओढू लागली.

"ताई, टायर फ्लॅट झालंय. साइडला घेतो."

जॅक काही केल्या बसेना. एक ट्रकवाला थांबला. "कुठं निघालात एवढे नटूनथटून?" डॉक्टरांचा सूट आणि माझी साडी पाहून त्यानं विचारलं. श्रीधरनं सांगितलं. त्यावर तो लगेच खाली बसला आणि चाक बदलू लागला.

डॉक्टर मात्र कठड्याशी जाऊन उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "परत जाऊ या."

"काय झालं?"

"फोनवर तिनं विचारलं, आम्हाला का नाही बोलावलंस? लाइन खराब होती. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं."

"मग आता समोर बसून सांगा."

"आणि तिला पटलं नाही तर?"

मी त्यांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं.

हान्ना ठेंगणी, चष्मेवाली, पन्नाशी ओलांडलेली. दारातच उभी होती. दोघांनी एकमेकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. किती वेळ, कुणास ठाऊक. मग तिनं आम्हाला थेट जेवायलाच बसवलं. आलुबुखार भरून उकडलेले क्नोडल (बटाट्याच्या पिठाचे गोळे), वर तुपासारखं लोणी आणि साखर. ती इंग्रजीतच बोलत होती. जर्मन तिनं लहानपणीच सोडली, ती कायमची.

ताटं उचलताना ती म्हणाली, "आई मला गाडीत बसवताना म्हणाली, एमिल बोलावेल, आपण सगळे हिंदुस्थानात भेटू. मी रोज वाट पाहिली, एमिल. मग तुझा राग करायला लागले."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "तुम्हा तिघांचे परवाने मिळाले होते. मी भायखळ्याला दोन खोल्या घेतल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली. ऑस्ट्रियाचा म्हणून इंग्रजांनी मलाच शत्रू ठरवलं आणि नगरच्या छावणीत टाकलं. सुटून आलो तेव्हा मालकानं खोल्या दुसऱ्याला दिल्या होत्या. चारही खाटा रस्त्यावर."

"चार?"

"आईची, बाबांची, माझी. आणि तुझी, खिडकीजवळ. तुला उकडेल म्हणून."

हान्ना खुर्चीवर बसली. मग तिनं काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही, कारण ते जर्मनमध्ये होतं. डॉक्टरांनीही जर्मनमध्येच उत्तर दिलं. मी श्रीधरला खूण केली आणि आम्ही दोघं बाहेर पोर्चवर (घरापुढची ओसरी) येऊन बसलो. आतून बोलण्याचा आवाज येतच राहिला. मधूनच रडणं, आणि शेवटी हसणंही.

डॉक्टर तिथंच राहिले. महिन्याभरानं मी एकटी परत निघाले. विमानात बसल्यावर श्रीधर पहिल्यांदा अमेरिकेला गेला तेव्हाचा दिवस आठवला. आई किती रडली होती! पण त्याच्यामागे आमच्या घराचं दार उघडं होतं. तो हवा तेव्हा येऊ शकत होता. हान्नाच्या आईनं मुलीला गाडीत बसवलं तेव्हा मागे कुठलंच दार उरलं नव्हतं. तरीही भेटीचं ठिकाण सांगायला ती माउली विसरली नाही. हे अजूनही माझ्या मनातून जात नाही.

पुण्यात डॉक्टरांचे पेशंट रोज दारात येऊन चौकशी करतात. डॉक्टर कधी येणार?

"डिसेंबरात," मी सांगते. "आणि बहिणीला घेऊन."