हिराआत्याचं वाजणारं ढोपर

हिराआत्या गेली तेव्हा तिचं ढोपर दुखत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. त्या दिवशी सकाळी तिच्या मुलाचा, दिनेशचा, फोन आला. "ताई, आई झोपेतच गेली गं..." एवढं बोलून तो रडायला लागला. मी भिवंडीहून कशेळीला पोचले, तर ओटीवर बायांची कुजबूज चालू. "ढोपरानंच खाल्ली तिला. कवापासून कडकड वाजत व्हता." माझं डोकंच फिरलं. मयताच्या घरी भांडू नये म्हणून गप्प बसले, पण बारावं झाल्यावर ठरवलं, हे लिहूनच काढायचं. हृदय बंद पडून गेलेल्या बाईचं खापर बिचाऱ्या गुडघ्यावर कशाला?

आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. हळदीपासून लग्न लागेपर्यंत ती धवले गाते आणि तिच्या गाण्याशिवाय एकही विधी पुढे सरकत नाही. हे सगळं तांदळाच्या पिठाच्या चौकाशेजारी, चटईवर मांडी घालून. माझ्या वडिलांची ही बहीण अशी धवलारीण होती. तेव्हा पूर्णा-कशेळीच्या शेतांवर गोदामं उभी राहत होती, दारांत नव्या गाड्या येत होत्या, तरी मांडव पडला की बोलावणं आत्यालाच. आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. नवरदेव उशिरा आला तर गाण्यातच त्याची वऱ्हाडासकट हजेरी घ्यायची.

साठीच्या आसपास तिचं उजवं ढोपर उठता-बसता कट्‌कट वाजायला लागलं. दुखत नव्हतं, सुजत नव्हतं, नुसतं वाजत होतं. पण आमच्याकडे डॉक्टरच्या आधी शेजारीण तपासते. "वंगन संपला तुजा, हिरा. आता बसशील तं उठाची न्हाय." कुणाची हळद आपल्यामुळे अर्धवट राहील या धास्तीनं आत्यानं खाली बसणं सोडलं. मग जिना सोडला, मग लग्नांची बोलावणीही परत पाठवायला लागली. दिवसभर खाटेवर. मांड्या अशा सुकल्या की चालताना खरोखरच तिचा तोल जायला लागला. गाणं बंद झालं तशी तिची जीभही मऊ पडली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

आणि एक दिवस तेच ढोपर खरंच सुजलं. लालबुंद, हात लावला तर चटका बसावा असं, वर अंगात ताप. तेव्हा ही बाई निघाली कुठे? शेजारणींबरोबर एसटीनं गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर! ज्याला भ्यायचं नव्हतं त्याला इतके दिवस भ्याली, आणि ज्याला भ्यायला हवं होतं त्याला अंघोळ घालून आणली. परतली तेव्हा पाय टेकवत नव्हता. मी तिला रिक्षात घालून भिवंडीत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुईनं सांध्यातलं पाणी काढलं, तर पू निघाला. "अजून घरी थांबला असता तर सांधा गेला असता," ते म्हणाले. ऑपरेशन करून सांधा धुतला, सलाइनी लागल्या, आणि आत्या वाचली.

घरी सोडताना तिची एकच तक्रार. "डागदर, सगला केलाव, पन वाजाचा काय थांबला न्हाय."

डॉक्टर हसले. "वाजू दे, आजी. नुसत्या आवाजाला घाबरायचं नसतं. दुखायला लागलं, सुजलं, मध्येच अडकून बसलं किंवा चालताना पाय दगा द्यायला लागला, तर दाखवायला या. आणि पुन्हा असं गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी या, कुंडावर जाऊ नका. बाकी मांड्यांचा व्यायाम करा आणि खुशाल लग्नाला जा. फक्त खाली मांडी घालू नका."

माझ्या मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं होतं. रिक्षात बसल्या बसल्या आत्या म्हणाली, "तुज्या पोरीचा धवला मीच गानार. कोनाला सांगाला जाव नको."

त्यानंतरची आत्या बघायला हवी होती. खाटेच्या काठावर बसून पाय सरळ उचलायचा आणि धवल्याची एक ओळ संपेपर्यंत खाली सोडायचा नाही. जड गेलं तर शिव्या घालायची... डॉक्टरला, मला, खाटेलासुद्धा. पण पाय वरच. हळूहळू ओळी लांबल्या, जिना पुन्हा सुरू झाला, आणि जीभही पूर्वीसारखी चालायला लागली.

लग्नात मांडवात आली आणि खुर्ची मागितली. भावकीतले एक म्हातारे काका आडवे आले. "धवलारीन खुर्चीवं? आपल्यान असा चालत न्हाय."

"धवला गल्यातशी येतो, ढोपरातशी न्हाय," आत्या म्हणाली. "खुर्ची आना, न्हाय तं हलद थांबली." आणि उभीच राहिली. नवरी पाटावर, सवाष्णींचे हात हळदीत, आणि सगळे हिचं तोंड बघतायत. शेवटी काकांनीच कुरकुरत एक प्लास्टिकची खुर्ची आणून चौकाशेजारी ठेवली. मग ती जी गायली... माझ्या लेकीच्या हळदीला तिचा आवाज लाभला, याचा आनंद मला आजही मावत नाही.

गाणं संपलं. हातातला माइक मांडीवर टेकवून ती उठली आणि आख्ख्या मांडवात लाउडस्पीकरवरून 'कट्ट' झालं. सगळ्या माना तिच्या ढोपराकडे वळल्या. आत्यानं माइक तोंडाशी नेला. "भिऊ नका. नुसता वाजतंय!" काकासुद्धा पोट धरून हसले. मी हसता हसता रडले.

त्यानंतर ती शेवटपर्यंत लग्नांत गात राहिली, आणि प्रत्येक मांडवात आधी खुर्ची मागत राहिली. तिच्यामागे मी लग्नाला जायचं टाळत होते, पण गेल्या आठवड्यात पूर्ण्याला जावंच लागलं. धवलारीण नवी होती, तिशीतली, धडधाकट. आली ती सरळ चौकाशेजारी मांडून ठेवलेल्या खुर्चीवर बसली. मी जवळ जाऊन विचारलं, "ढोपर दुखतं का गं?"

"न्हाय वं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मांडवात पहिल्यांदा आलेय. "धवलारीन खुर्चीवंच बसते ना?"

"हो," मी म्हटलं. "खुर्चीवरच बसते."