काळी चारची साक्ष

माकुणसारचे कृष्णकांतकाका कुणालाही भेटले की चहा यायच्या आत सांगणार, "तरणेपणी आमी काळी चारमधे भजन गायचो!" पेटीवरची ही पट्टी इतकी उंच की भल्याभल्यांचा गळा तिथे फाटतो. आता काळी तीनच्या वर गेलं की काकांना ठसका लागतो, म्हणून भजनी मंडळाने त्यांच्या हाती टाळ देऊन मागे बसवलंय. नवा बुवा भाग्येश तर तोंडावर म्हणतो, "काका, थापा मारायला पट्टी लागत नाय!"

काका हसून सोडून देत, पण सुलूकाकूंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. नवऱ्याला थापाड्या म्हणायचा हक्क बायकोचा, गावाचा नव्हे!

पुरावा माळ्यावर पडून होता. मंडळाच्या भरातल्या दिवसांची कॅसेट आणि ती वाजवणारा, कधीचा मुका झालेला टेपडेक. काकूंनी तारापूरच्या कंपनीत उभी हयात सर्किटबोर्डांचं सोल्डरिंग केलेलं. कुणी विचारलं तर काका सांगत, "ती होय? कंपनीत कायतरी जोडते." त्या कायतरी जोडणारीने डेक पडवीत उघडला. आतला रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. काकूंनी तो स्पिरिटने पुसून काढला, मोबाईलवरून नवा मागवला, सुटलेले टाके पुन्हा सोल्डर केले. बटण दाबलं आणि चाकं फिरली!

पण आवाज आला तो चिमण्यांचा. मोटर फार पळत होती. तिच्या पाठीवरच्या भोकात गती कमीजास्त करायचा बारीक स्क्रू असतो.

"अहो, टेपसोबत गा बघू," काकू म्हणाल्या.

काका गाऊ लागले, काकू स्क्रू फिरवत गेल्या. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले तेव्हा थांबल्या. काकांनी मोठ्या हौसेने घरातली जुनी पेटी ओढली, पट्टी लावून बघितली. काळी तीन.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मी खोटंच बोललो काय गं?"

टेप तशीच चालू होती. ऐकता ऐकता काकूंना जाणवलं, चाल रेंगाळतेय, टाळ पेंगुळल्यासारखे पडतायत. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगो बाय, माझी अक्कल चरायला गेली होती! आजच्या म्हाताऱ्या गळ्याने मी तेव्हाचा तरणा गळा मापला!"

आता हवं होतं न म्हातारं होणारं काहीतरी. ते समोरच होतं. टेपमध्ये वाजत होती ती हीच पेटी. तरुणपणी मंडळी पालघरला भजनाला निघाली असताना ती टेम्पोतून पडली आणि तेव्हापासून तिची एक वरची पट्टी किरकिरते. टेपमध्येही एक सूर तसाच किरकिरत होता. काकूंनी पेटीवरची ती पट्टी काकांना दाबून धरायला लावली आणि दोन्ही किरकिरी एक होईपर्यंत स्क्रू फिरवला.

काकांचा आवाज जो उसळला! थेट काळी चारमध्ये, न फाटता.

"खरं होतं हो तुमचं," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले. काकांनी पुसलेही नाहीत.

शनिवारी मारुतीच्या देवळात मंडळापुढे डेक लागला. भाग्येशने पेटीवर बोट ठेवून पट्टी जुळवली. मग पुन्हा जुळवली. शेवटी कान पकडले. "मानलं काका. चुकलो."

आता काका रात्रभर फुशारक्या मारणार म्हणून लोक सरसावून बसले. काका उठले.

"तो गळा गेला. आता माझ्याकडे नाय. पण मेलेला डेक बोलता केलान, तो हात हाय माझ्या घरात. सुलू, ये पुढे."

बायकांच्या घोळक्यातून काकू पदर सावरत आल्या. कुणीतरी विचारलं, "काकू, कंपनीत नक्की काय करत होता तुम्ही?"

काकूंनी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले, थेट काळी चारमध्ये, गळा फाटला तरी.

"सोल्डरिंग! माझी बायको सोल्डरिंग करायची!"